जर्मनीतल्या लहान गावात शिकवायला जाताना

फुलब्राइट या अमेरिकन सरकारच्या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या कार्यक्रमातून दरवर्षी अमेरिकेतले पदवीधर जर्मनीतल्या शाळांमध्ये इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून येतात. सप्टेंबर ते जून, आठवड्याला १२ तास वर्गात. अर्ज करताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बर्लिन नाहीतर म्युनिक असतं. प्रत्यक्षात पत्र येतं ते कधी नावही न ऐकलेल्या गावाचं. अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलंही या वाटेनं येतात, आणि त्यांच्या आयांचे फोन मला येतात. मी बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या क्राइल्सहाइममध्ये राहते. वस्ती ३५ हजारांच्या आसपास. याच भागात शिकवते, आणि नव्यानं आलेल्या सहायकांना पहिले काही महिने सोबत करायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. फोनवर जे सांगते तेच इथे क्रमानं लिहिते आहे.

गाव मिळालं म्हणून हिरमुसू नका. मोठ्या शहरात सगळीकडे इंग्रजी चालतं आणि वर्ष संपलं तरी जर्मन तोंडात बसत नाही. गावात मात्र बेकरीवाल्या बाईंपासून पोस्टमनपर्यंत सगळे तुम्हाला जर्मन शिकवतात. शाळेतल्या कित्येक मुलांनी अमेरिकन माणूस फक्त पडद्यावर पाहिलेला असतो, त्यामुळे तुमची तिथे खरीखुरी गरज असते. एक गोष्ट मात्र मनाशी पक्की करून या: गाव आपणहून तुमच्या दाराशी येणार नाही. जो माणूस दर आठवड्याला ठरल्या वेळी ठरल्या जागी दिसतो, त्याला इथले लोक आपला मानतात. त्याला वेळ लागतो, पण एकदा आपलं म्हटलं की शेवटपर्यंत निभावतात.

निघण्यापूर्वी

जन्मदाखला, पदवीचं प्रमाणपत्र, नेमणुकीचं पत्र आणि आरोग्य विम्याचा कागद यांच्या मूळ प्रती हातातल्या बॅगेत ठेवा. लसीकरणाची नोंद सोबत हवीच. मार्च २०२० पासून इथे गोवराच्या लसीचा कायदा आहे: १९७० नंतर जन्मलेल्या कोणालाही शाळेत काम करायचं असेल तर गोवरापासून संरक्षण असल्याचा पुरावा, म्हणजे साधारणपणे लसीचे दोन डोस घेतल्याची नोंद, दाखवावी लागते. लहानपणी घेतलेल्या लशींचा कागद आईच्या कपाटात असतो. तो निघण्याआधी शोधा, इथे आल्यावर फोनाफोनी करत बसू नका.

अमेरिकन पासपोर्ट असेल तर आधी व्हिसा काढावा लागत नाही. इथे उतरून ९० दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. ही सवलत पासपोर्टाची आहे, ग्रीनकार्डाची नाही. सोबत येणाऱ्या जोडीदाराचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्याला किंवा तिला व्हिसा आधीच घ्यावा लागेल. मराठी घरांत ही वेळ वरचेवर येते, म्हणून मुद्दाम लिहिते.

शाळेनं तुमच्यासाठी एक मार्गदर्शक शिक्षक नेमलेला असतो. त्यांना उन्हाळ्यातच पत्र पाठवा. आमच्या राज्यात शाळा सप्टेंबरच्या मध्याला उघडतात, त्याआधीचे सहा-सात आठवडे सुट्टी असते आणि अनेक शिक्षक गावातही नसतात. जुलैत लिहिलंत तर घर शोधायला त्यांची मदत होईल, ऑगस्टमध्ये लिहिलंत तर उत्तराची वाट पाहावी लागेल.

घर

गावात रिकामी घरं संकेतस्थळांवर कमी आणि लोकांच्या बोलण्यात जास्त सापडतात. कुणाच्या तरी घराची वरची खोली मोकळी असते, कुणाची मुलगी शिकायला बाहेर गेलेली असते. शाळेच्या शिक्षक-खोलीतल्या फलकावर चिठ्ठी लावून मिळालेली घरं मी सगळ्यांत चांगली पाहिली आहेत. न पाहिलेल्या घराची अनामत कधीही पाठवू नका. मालक 'परदेशात' आहे आणि किल्ली टपालानं पाठवणार आहे, असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा.

भाडं दोन आकड्यांत सांगतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या घराचं, वार्ममीटे म्हणजे पाणी, हीटिंग, जिन्याची साफसफाई वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट बहुतेकदा त्याहून वेगळं. अनामत रक्कम, म्हणजे काउत्सिओन, कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. रिकाम्या घरात स्वयंपाकाचा ओटा, सिंक, कपाटं यांतलं काहीही नसू शकतं, कारण आधीचा भाडेकरू ते उचलून नेतो. दहा महिन्यांसाठी येणाऱ्यानं सामानासकट खोलीच घ्यावी.

घरमालक पहिल्याच दिवशी खिडक्यांबद्दल बोलेल. ते मनावर घ्या. हिवाळ्यात दिवसातून दोन-तीन वेळा हीटर बंद करून सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि पुन्हा बंद करायच्या. घरं इतकी हवाबंद असतात की तसं केलं नाही तर भिंतींवर बुरशी धरते. आपला स्वयंपाक वाफेचा आणि फोडणीचा, त्यामुळे आपल्या घरात हे जास्तच पाळायला हवं.

पहिले दोन आठवडे: कागद

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, जाऊन पत्ता नोंदवायचा. याला आनमेल्डुंग म्हणतात. सोबत पासपोर्ट आणि घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही, ठराविक नमुन्यातला वेगळा कागद असतो. बँक, परवाना, फोन सगळं या नोंदणीवर अडतं, म्हणून सर्वांत आधी हेच करा.

फॉर्मवर धर्माचा एक रकाना असतो. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की पगारातून चर्चचा कर कापला जाऊ शकतो. आमच्या राज्यात आणि बायर्नमध्ये (बव्हेरियात) तो प्राप्तिकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. हिंदू, बौद्ध, जैन कुटुंबांतल्या मुलांना हा कर लागू नाही. ख्रिस्ती असाल तर काय लिहायचं ते आधी विचार करून जा.

नोंदणी झाल्यावर काही आठवड्यांत ११ आकडी कर-क्रमांक टपालानं येतो. इथे जवळजवळ सगळं महत्त्वाचं टपालानंच येतं, आणि पोस्टमन पत्र टाकतो ते पेटीवरचं आडनाव पाहून. फ्लॅट क्रमांक ही पद्धतच नाही. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. पहिल्याच संध्याकाळी कागदाच्या पट्टीवर ठळक अक्षरांत आडनाव लिहून पेटीला आणि दाराच्या घंटीला चिकटवा. 'कुलकर्णी' किंवा 'देशपांडे' रोमन लिपीत पासपोर्टावर जसं आहे तसंच, एकही अक्षर इकडेतिकडे न करता.

टपालानं येणाऱ्या पत्रांत एक रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं असेल. घरात टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो भरावे लागतात, ऑगस्ट २०२१ पासून हाच दर आहे. पत्र जाहिरातीसारखं दिसतं म्हणून बरेच जण फेकून देतात आणि मग दंड चढत जातो. शुल्क माणशी नसून घरामागे आहे. तुमच्याबरोबर राहणारं कुणी आधीच भरत असेल तर त्यांचा क्रमांक कळवा, तुम्हाला वेगळं भरावं लागणार नाही.

बँकेत अमेरिकन नागरिकाला थोडे जास्त प्रश्न विचारतात. परदेशी बँकांनी अमेरिकन खातेदारांची माहिती त्यांच्या कर खात्याला द्यावी असा अमेरिकेचा कायदा आहे, त्यामुळे सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि एक जादा फॉर्म लागतो. गावातल्या श्पारकासेत किंवा फोल्क्सबँकेत वेळ ठरवून गेलात तर काम होतं. आणि सगळ्या परदेशी खात्यांत मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर रक्कम गेली तर ते अमेरिकेत कळवावं लागतं, हेही लक्षात असू द्या. वर्षाचं विवरणपत्र तर परदेशात राहूनही भरायचंच असतं.

राहण्याच्या परवान्यासाठी आउसलेंडरबेह्योर्दे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेळ पोचल्याच्या आठवड्यातच मागा. ९० दिवस पुष्कळ वाटतात, पण वेळ मिळायलाच काही आठवडे जातात, मग बोटांचे ठसे, मग कार्ड छापून यायला आणखी आठवडे. फोटो २०२५ पासून कागदावरचा चालत नाही, डिजिटल लागतो. कार्यालयात बोलणं जर्मनमध्येच होईल असं धरून चाला. मार्गदर्शक शिक्षकांना सोबत यायची विनंती करायला संकोचू नका, बहुतेक जण आनंदानं येतात.

शाळा

शाळा पावणेआठ-आठला सुरू होते. सकाळी पावणेआठ म्हणजे डिसेंबरात जेमतेम उजाडलेलं असतं. आणि वेळ ठरवताना एक सापळा आहे. जर्मन माणूस 'हाल्ब आख्ट' म्हणतो तेव्हा त्याला साडेसात म्हणायचं असतं, साडेआठ नाही. पहिल्या आठवड्यात घड्याळातली वेळ आकड्यांत लिहून घ्या.

चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत जातात. गिम्नाझियममधून अबिटूर ही शेवटची परीक्षा देऊन विद्यापीठाकडे वाट जाते, रेआलशूलमधून दहावीनंतर बरेच जण व्यवसाय-शिक्षणाकडे वळतात. तुमची नेमणूक यांपैकी कुठेही होऊ शकते. गिम्नाझियमच बरं, असं काही सहायकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. रेआलशूलमधली मुलं इंग्रजीत चाचपडतात, पण त्यांना कामावर जायची घाई असते, प्रश्न थेट विचारतात, आणि तुमच्याशी एक वाक्य नीट बोलता आलं की त्यांचा चेहरा खुलतो.

गुण १ ते ६ असे देतात आणि १ हा सर्वांत चांगला. शेवटच्या दोन वर्षांत हीच मोजपट्टी १५ ते ० अशी होते आणि तिथे १५ सर्वांत वर. गुण देणं, वर्गाची जबाबदारी एकट्यानं घेणं हे सहायकाचं काम नाही. कुणी तशी सवय पाडत असेल तर मार्गदर्शक शिक्षकांशी बोला.

वर्गात मूल उत्तर द्यायला पूर्ण पंजा वर करत नाही, फक्त तर्जनी उभी करतं. पहिल्या दिवशी तुम्हाला समोर पंचवीस बोटं दिसतील. तुम्ही नाव घेईपर्यंत ती बोटं तशीच राहतात, काही जणांचा दुसरा हात कोपराला टेकू देऊन. अमेरिकन वर्गात मुलं मध्येच बोलून टाकतात, इथे नाव घेतल्याशिवाय कुणी बोलत नाही. त्यामुळे नावं पाठ असणं गरजेचं. पहिल्या तासाला प्रत्येकाला कागद दुमडून नावाची पाटी करायला सांगा आणि ती दर वेळी आणायला लावा.

मुलं शिक्षकांना 'हेर' (श्रीयुत) किंवा 'फ्राउ' (श्रीमती) आणि आडनाव अशी हाक मारतात आणि अहो-जाहो करतात. शिक्षक मुलांना अरे-तुरे करतात, मोठ्या वर्गांत काही जण तिथेही अहो-जाहोवर येतात. तुम्ही वयानं बारावीच्या मुलांच्या जवळ असता, त्यामुळे पहिल्या नावानं बोलवू द्यावं की नाही हे मार्गदर्शक शिक्षकांबरोबर ठरवा आणि मग सगळ्या वर्गांत तेच ठेवा. शिक्षक आपसात बहुधा 'डू' (तू) म्हणतात, पण नवख्यानं मोठ्यांकडून तसं सुचवलं जाईपर्यंत 'झी' (तुम्ही) म्हणावं.

शिक्षक-खोली ही शाळेतली सर्वांत महत्त्वाची जागा. पुष्कळ शाळांत प्रत्येकाची खुर्ची ठरलेली असते, फक्त वर नाव लिहिलेलं नसतं. बसण्यापूर्वी विचारा. कॉफीचा कप स्वतःचा न्या आणि कॉफीच्या डब्यात महिन्याचे पैसे टाका. आत शिरताना सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं 'गुटन मोर्गन' म्हणा. रोज सकाळी बदली तासांचा फलक पाहा, कारण एखादे शिक्षक आजारी असले की तुमचा तासही उडतो आणि ते कुणी वेगळं कळवत नाही. तुमचा वाढदिवस असेल तर केक तुम्हीच न्यायचा. आणि कुणालाही वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देऊ नका, इथे तो अपशकुन मानतात.

मुलांचे फोटो काढू नका. आईवडिलांच्या लेखी परवानगीशिवाय एकही फोटो, पाठमोरासुद्धा, समाजमाध्यमावर टाकू नका. या बाबतीत कायदाही कडक आहे आणि लोकही.

काय शिकवायचं

पाठ्यपुस्तकांत सुरुवातीची वर्षं ब्रिटन असतं आणि बऱ्याच पुस्तकांत आठवीच्या आसपास अमेरिका येते. न्यूयॉर्क, ग्रँड कॅन्यन, थँक्सगिव्हिंग. त्या वर्गांत तुम्हाला हमखास बोलावतील. पण स्लाइड दाखवून भाषण देण्यात वेळ घालवू नका. मुलांना हवी असते ती तुमची रोजची अमेरिका: शाळेची पिवळी बस खरंच असते का, जेवणाच्या डब्यात काय असतं, सोळाव्या वर्षी गाडी कशी चालवता. बंदुकांबद्दल आणि शाळेत गोळीबार झाला तर कसं वाचायचं याच्या सरावाबद्दल ती विचारतीलच. टाळू नका. तुम्ही स्वतः त्या सरावात टेबलाखाली बसला असाल तर साध्या शब्दांत सांगा. त्या वेळी वर्ग जसा ऐकतो तसा एरवी क्वचित ऐकतो.

सर्वांत चांगला धडा मात्र गावातच सापडतो. क्राइल्सहाइमचंच घ्या. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन फौजांशी झालेल्या लढाईत या गावाचा मध्यभाग जवळजवळ नष्ट झाला. दोनच वर्षांनी, १९४७ मध्ये, मिनेसोटातल्या वर्दिंग्टन या लहान गावानं क्राइल्सहाइमला मदत पाठवायला सुरुवात केली, आणि युद्धानंतरचं जर्मन आणि अमेरिकन गावांमधलं ते पहिलं भागीदारीचं नातं ठरलं. दोन वर्षांपूर्वीच्या शत्रूला धान्य-कपडे पाठवायला माणसाचं मन केवढं मोठं लागतं, हा प्रश्न नववीच्या वर्गाला विचारला की इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी मुलं बोलतात. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत इथे अमेरिकन सैन्याची छावणी होती, त्यामुळे कुणाच्या आजीला त्या सैनिकांनी दिलेलं चॉकलेट आठवतं, कुणाच्या आजोबांनी छावणीत काम केलेलं असतं. मुलांना घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायला सांगा आणि पुढच्या तासाला ते इंग्रजीत सांगायला लावा. हान्स शॉल, नाझी राजवटीविरुद्ध पत्रकं वाटल्याबद्दल १९४३ मध्ये ज्याला मृत्युदंड झाला, त्याचा जन्मही आता क्राइल्सहाइमचाच भाग असलेल्या इंगर्सहाइममधला. तुमच्या गावाचंही असं काही ना काही असेल. पहिल्या महिन्यात गावच्या संग्रहालयात एक दुपार घालवा.

खेळही कामी येतो. इथला मर्लिन्स हा बास्केटबॉल संघ काही वर्षं जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत खेळला आणि त्यात अमेरिकन खेळाडू असतात. एका सामन्याला मुलांबरोबर जाऊन आलेल्या सहायकाला पुढच्या सोमवारी वर्गात शांतता मागावी लागत नाही.

मराठी घरातून आलेल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. नाव मराठी, चेहरा भारतीय आणि पासपोर्ट अमेरिकन, हे इथल्या काही लोकांच्या डोक्यात पटकन बसत नाही. 'पण खरे तुम्ही कुठले?' हा प्रश्न येईल, बेकरीत, बसमध्ये, कधी शिक्षक-खोलीतही. बहुतेकदा त्यात निखळ कुतूहल असतं. वर्गात हा विषय तुम्हीच पहिल्या आठवड्यात काढा. आईवडील पुण्याचे, जन्म न्यू जर्सीतल्या एडिसन गावातला, घरी मराठी, शाळेत इंग्रजी, हे फळ्यावर काढून दाखवा आणि मग मुलांना त्यांच्या घरची भाषा विचारा. तुर्की, रशियन, अल्बेनियन, अरबी अशा कितीतरी भाषा एकेका वर्गात निघतात, आणि ज्या मुलाला कुणी कधी विचारलं नव्हतं ते त्या दिवशी ताठ बसतं. अमेरिका म्हणजे काय हे त्या एका तासात मुलांना जेवढं कळतं तेवढं पुस्तकातून कळत नाही. कुणी टोचून किंवा अपमान होईल असं बोललं, तर ते गिळून गप्प बसू नका. त्याच दिवशी मार्गदर्शक शिक्षकांना सांगा.

रविवार, कचरा आणि जिना

रविवारी आणि सणाच्या दिवशी दुकानं बंद असतात. बेकरी सकाळी काही तास उघडी असते, पेट्रोल पंपावर दूध-ब्रेड मिळतं, बाकी काही नाही. शनिवारी दुपारपर्यंत आठवड्याचं सामान भरा. १ नोव्हेंबर किंवा ६ जानेवारी अशा सुट्ट्या शनिवारी किंवा सोमवारी आल्या की सलग दोन दिवस बाजार बंद राहतो, म्हणून राज्याच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर फ्रिजवर लावा. रविवारी ड्रिल मशीन, गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही आणि काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो. रात्री १० ते सकाळी ६ शांतता.

कचरा वेगवेगळा करायचा: कागद, ओला, प्लास्टिक-पत्रा, काच, उरलेला. रंग आणि वार गावागणिक बदलतात. राटहाउसमध्ये वर्षाचं वेळापत्रक मिळतं. पाण्याच्या आणि सोड्याच्या बहुतेक प्लास्टिक बाटल्यांवर २५ सेंट ठेव असते, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट. सुपरमार्केटच्या दाराशी असलेल्या यंत्रात बाटली घातली की पावती मिळते आणि ती बिलातून वजा होते. बाटली चेपू नका, यंत्र घेत नाही.

आमच्या भागात केरवोखे आहे. आठवड्यागणिक एकेका घराची जिना आणि दारापुढची जागा झाडायची पाळी. तुमच्या दाराच्या मुठीला एक दिवस लाकडाची नाहीतर पुठ्ठ्याची छोटी पाटी लटकलेली दिसेल. ती दिसली की तो आठवडा तुमचा. शनिवारपर्यंत जिना झाडून-पुसून घ्या आणि पाटी पुढच्या दाराला लावा. शेजाऱ्यांशी ओळख होण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. झाडू हातात असताना कुणी ना कुणी थांबून बोलतंच.

खाणं

लहान गावात भारतीय दुकान नसतं, पण तुर्की दुकान बहुधा असतं. कोथिंबीर, पुदिना, हिरव्या मिरच्या, हरभरे, डाळी तिथे मिळतात. लाल मसूर तर कुठल्याही सुपरमार्केटात असतो. पिठाच्या पुडीवर आकडा असतो: ४०५ म्हणजे मैद्यासारखं, १०५० गव्हाळ रंगाचं, आणि पूर्ण गव्हाच्या पुडीवर 'फोलकॉर्न' लिहिलेलं असतं. पोळीसाठी १०५० आणि फोलकॉर्न निम्मं-निम्मं मिसळा, पोळी मऊ राहते. उपम्याला 'ग्रीस' या नावाची पुडी घ्या. आणि क्वार्क, म्हणजे इथलं दह्यासारखं मऊ ताजं चीज. चाळीस टक्के स्निग्धांशाचा क्वार्क रात्रभर फडक्यात टांगला की सकाळी चक्का तयार. साखर, वेलची, केशर घालून केलेलं श्रीखंड शिक्षक-खोलीत नेऊन पाहा. माझ्या शाळेत आता दसऱ्याची वाट जर्मन शिक्षकच पाहतात.

शाकाहारी असाल तर प्रत्येक वेळी स्पष्ट विचारा. मसूर आणि श्पेट्झले (अंडं घातलेल्या पिठाच्या जाड शेवया) हा इथला घरगुती पदार्थ ऐकायला आपल्या वरणासारखा, पण वर सॉसेज ठेवतात आणि आत डुकराच्या चरबीचे तुकडे घातलेले असू शकतात. ब्रेत्सेल या वेटोळ्या खारट पावाच्या पिठातही काही बेकऱ्या चरबी घालतात. मुलं वाटतात त्या गोळ्यांत जिलेटिन असतं. हॉटेलात पाणी फुकट येत नाही. बक्षिशी टेबलावर ठेवून निघत नाहीत, पैसे देताना रक्कम थोडी वाढवून सांगतात, ५ ते १० टक्के पुरेत.

येणं-जाणं आणि दुखणं-खुपणं

डॉइचलांडटिकेट घ्या. जानेवारी २०२६ पासून ते महिना ६३ युरोंना आहे आणि देशभरातल्या सगळ्या स्थानिक बस आणि प्रादेशिक रेल्वेत चालतं. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चालत नाही. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, बंद करायचं असेल तर १० तारखेच्या आत कळवा. बसच्या वेळापत्रकात काही वेळांपुढे बारीक अक्षर असतं, बहुधा 'एस' म्हणजे फक्त शाळेच्या दिवशी आणि 'एफ' म्हणजे फक्त सुट्टीत. त्याकडे दुर्लक्ष केलंत तर पहिल्याच सुट्टीत थांब्यावर उभे राहाल. अमेरिकन परवान्यावर सहा महिनेच गाडी चालवता येते. मुक्काम १२ महिन्यांपेक्षा जास्त नसेल तर मुदत वाढवून मिळू शकते.

पहिल्या महिन्यातच एक कौटुंबिक डॉक्टर शोधून ठेवा, आजारी पडल्यावर नाही. साधी आयब्युप्रोफेनसुद्धा फक्त आपोटेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, मिळते, सुपरमार्केटात नाही. रात्री किंवा रविवारी डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. आजारी असाल तर शाळा सुरू होण्याआधी फोन करा, आणि दुखणं तीन दिवसांपेक्षा लांबलं तर डॉक्टरचा दाखला न्या.

माणसं

ऑक्टोबरच्या अखेरीस अंधार लवकर पडू लागतो, सुरुवातीची धावपळ संपलेली असते आणि सहायकांचे चेहरे उतरतात. दरवर्षी मी हे पाहते. संध्याकाळी पाचला काळोख, खोलीत एकटं, घरी फोन करावा तर तिकडे सगळे कामात. यावर एकच उपाय मी सांगते आणि तो ऑक्टोबरच्या आधी करायला सांगते: एखाद्या फेराइनमध्ये नाव घाला. फेराइन म्हणजे नोंदणीकृत मंडळ. सात सभासद असले की नोंदणी करता येते, त्यामुळे गावात गाण्याचं, नेमबाजीचं, डोंगर चढायचं, वाद्यवृंदाचं, टेबल टेनिसचं, प्रत्येकाचं मंडळ असतं. तुम्हाला काय येतं याला महत्त्व नाही. दर मंगळवारी सात वाजता सरावाला गेलात तर चौथ्या-पाचव्या आठवड्याला कुणीतरी गाडीनं घरी सोडतं, त्यानंतर कुणीतरी रविवारी दुपारी कॉफी-केकला बोलावतं. बोलावणं आलं की वेळेवर जा, मिनिटभरही आधी नको, आणि फुलं किंवा घरी केलेलं काही न्या.

फोल्क्सहोखशूल, म्हणजे लोकांसाठीची संध्याकाळची शाळा, जवळजवळ प्रत्येक गावात आहे. जर्मनचा वर्ग तिथे स्वस्तात मिळतो. तिथे एका संध्याकाळी स्वयंपाकाचा वर्ग घेता का, असं विचारतील. जरूर घ्या. थालीपीठ शिकवा.

रस्त्यात, डॉक्टरच्या प्रतीक्षागृहात, दुकानात शिरताना सगळ्यांना 'ग्र्युस गॉट' म्हणा. उत्तरेत नेमणूक असेल तर 'मॉइन'. अनोळखी माणूस हसून बघत नाही म्हणून तो रागावला आहे असं समजू नका.

आणि गावाचे सण चुकवू नका. ११ नोव्हेंबरच्या आसपास लहान मुलं कंदील घेऊन सांक्ट मार्टिनची, म्हणजे संत मार्टिनची, मिरवणूक काढतात, ६ डिसेंबरच्या आदल्या रात्री संत निकोलस खाऊ ठेवेल म्हणून दाराशी बूट ठेवतात. क्राइल्सहाइममध्ये हिवाळ्याच्या अखेरीस गावाचा स्वतःचा दिवस असतो. १३७९-८० मध्ये शेजारच्या शहरांनी गावाला वेढा घातला होता. धान्य संपत आलं तेव्हा नगराध्यक्षांची धष्टपुष्ट बायको तटावर चढली आणि तिनं शत्रूला आपला उघडा पार्श्वभाग दाखवला, आत खाण्यापिण्याची एवढी रेलचेल असेल तर वेढा फुकट, असं समजून शत्रू निघून गेला, अशी दंतकथा आहे. त्या आठवणीत होराफ नावाचा गोडसर पाव भाजतात आणि शाळेतल्या मुलांना वाटतात. त्या दिवशी तुमच्याही हातावर एखादं मूल तो ठेवेल.

परत निघताना

घराचा करार बेमुदत असेल तर तीन महिने आधी लेखी कळवावं लागतं, म्हणजे जूनअखेर निघणाऱ्यानं मार्चअखेरीस. राटहाउसमधली नोंद रद्द करणं निघण्याच्या आठवडाभर आधीपासून करता येतं. त्याचा कागद जपून ठेवा, रेडिओचं शुल्क, फोन, इंटरनेट बंद करायला तोच लागतो. डॉइचलांडटिकेट १० तारखेआधी रद्द करा. शाळेकडून कामाचं प्रमाणपत्र शेवटच्या आठवड्यात न मागता मे महिन्यातच मागा, मुख्याध्यापकांची सही सुट्टी लागल्यावर मिळत नाही. भिंतीतल्या खिळ्यांची भोकं बुजवा, घर हातात देताना मालकाबरोबर खोलीखोलीत फिरून काय कसं आहे ते लिहून दोघांच्या सह्या घ्या. काउत्सिओन परत यायला काही महिने लागू शकतात, म्हणून बँकेचं खातं तोवर चालू ठेवा आणि मालकाला अमेरिकेतला पत्ता देऊन ठेवा.